दारावरच्या अटी

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीत पेढे वाटले जातात. आजकाल मार्क पोरींनाच जास्त पडतात, त्यामुळे पेढेही पोरींच्या घरचेच जास्त. पण त्याच संध्याकाळी घरात दुसरी बैठक बसते. मामा येतात, काका येतात, शेजारची मावशी येते आणि अटी सुरू होतात. कॉलेज जवळचं हवं. दिवेलागणीच्या आत घरी आलं पाहिजे. सायन्स नको, प्रॅक्टिकलला उशीर होतो. इंजिनियरिंग तर नकोच, तिथं सगळी पोरंच. शिकू दे की, नको कोण म्हणतंय, पण... या 'पण'च्या पुढे काय येते ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. खरे सांगायचे तर आपल्यापैकी बहुतेकांनी ते स्वतःच्या तोंडाने म्हटलेलेही आहे. आम्हीही म्हटले आहे. त्याचा कबुलीजबाब शेवटी देऊ.

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी समितीने आमच्याकडे इतिहासावर लेख मागितला. राजे-रजवाडे आणि लढाया यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आम्ही येथे अटींचा इतिहास लिहिणार आहोत. आपल्या देशातील स्त्रिया विज्ञानाच्या आणि यंत्राच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना काय काय अटी घातल्या गेल्या आणि त्यांनी पुढे काय केले, एवढाच विषय.

गिरणीत साचे सांभाळणाऱ्या माणसाला हा विषय कशाला सुचला, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या घरातच आहे. आमची आई गिरणीत वायंडिंग खात्यात होती. बॉबिनवरचे सूत कोनावर भरायचे काम. धागा तुटला की गाठ मारायची, आणि तिची बोटे इतकी चलाख की गाठ कधी पडली ते डोळ्याला दिसत नसे. मुंबईच्या गिरण्यांत बायका असायच्या त्या मुख्यतः वायंडिंग आणि रीलिंग या दोन खात्यांतच. पुढे खात्यात नवी मशीन आली, आपोआप गाठ मारणारी. ती चालवायला शिकवण्यासाठी माणसे निवडली गेली, ती झाडून सगळी पुरुष. मशीनचे काम आहे, बायकांना जमणार नाही, असे सांगण्यात आले. शिवाय रात्रपाळी. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना रात्रपाळी बंद होती, ते निमित्त आयतेच होते. ज्या कामात आईचा अर्धा जन्म गेला, त्याच कामाचे यंत्र आले तेव्हा तिला कोणी विचारलेही नाही. हिशेब हातात ठेवून घरी पाठवले. तेव्हापासून आमच्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. यंत्र कोणाची भाकरी काढून घेईल आणि कोणाला देईल, हे यंत्र ठरवीत नाही. ते चालवायला कोणाला शिकवले, यावर ते ठरते.

आता इतिहासाकडे वळू.

सन १९३३. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र घेऊन एक मुलगी पहिली आली. नाव कमला भागवत. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत यांची ही धाकटी बहीण. तिचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगलोरच्या टाटांनी स्थापन केलेल्या विज्ञान संस्थेत शिकलेले. मुलीनेही तिथेच संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवलेले जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. त्यांनी अर्ज नाकारला. मार्क कमी होते म्हणून नव्हे, अर्जदार मुलगी होती म्हणून.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या थेट बंगलोरला जाऊन रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. शेवटी रामन यांनी दार उघडले, पण अटी घालून. पहिले वर्षभर नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. आणि तिसरी अट अशी की तिच्यामुळे प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे पुरुष संशोधकांचे लक्ष कामावरून उडता कामा नये.

वाचकांनी या ठिकाणी थोडे थांबून विचार करावा. आमच्या आईला सांगितले गेले की रात्रीचे काम असते म्हणून बाईला घेता येत नाही. कमलाबाईंना सांगितले गेले की रात्री काम केलेस तरच घेऊ. अट कशीही फिरवता येते, फक्त ती बाईच्या वाटेत पडली पाहिजे! आणि तिसरी अट तर काय सांगावी? लक्ष उडणार पुरुषांचे आणि जामीन द्यायचा बाईने.

कमलाबाईंनी अपमान गिळला आणि श्रीनिवासय्या नावाच्या मार्गदर्शकांच्या हाताखाली काम सुरू केले. विषय होता अन्नातली प्रथिने, म्हणजे दूध, डाळी, कडधान्ये यांत अंगाला लागणारे काय आहे त्याचा शोध. गोरगरिबांच्या ताटातलाच विषय. वर्षभराने रामन यांना काम पटले, त्यांना नियमित प्रवेश मिळाला, आणि पुढे त्या संस्थेत मुलींना घेतले जाऊ लागले. १९३६ साली एम.एस्सी. झाल्यावर त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवून दिले की 'सायटोक्रोम सी' हा पदार्थ वनस्पतींच्या पेशींतही असतो. जिवंत पेशी श्वास घेऊन शक्ती तयार करते त्या कामात या पदार्थाचा हात असतो. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा. त्यावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

इंग्लंडात राहिल्या असत्या तर नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात, नंतर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केले आणि १९४७ साली लग्न होऊन मुंबईत आल्या. तेव्हापासून त्या डॉ. कमला सोहोनी. मुंबईत म्युझियमजवळ इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची दगडी इमारत आहे. तिच्यासमोरून आपण अनेकदा गेलो असू. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन नीरेवर संशोधन केले. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह आहे, कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना ती उपयोगी पडते, हे प्रयोगाने दाखवले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. त्याच संस्थेच्या संचालकपदावर मात्र त्यांचा हक्क असूनही ते उशिराच वाट्याला आले. पुढे ग्राहक चळवळीत राहून त्यांनी अन्नातल्या भेसळीविरुद्ध काम केले. १९९८ साली त्यांचे निधन झाले. रामन यांनी आपल्याला बाई म्हणून कसे वागवले, हे त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या.

दुसरी गोष्ट मद्रासची. ए. ललिता, जन्म १९१९. पंधराव्या वर्षी लग्न झाले. १९३७ साली नवरा वारला तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि पदरात चार महिन्यांची मुलगी. त्या काळच्या उच्चवर्णीय घरात अशा विधवेच्या वाट्याला काय यायचे, हे महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाची माहिती ज्यांना आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ललिताबाईंनी मात्र ठरवले की आपण शिकायचे, आणि तेही इंजिनियरिंग. त्यांचे वडील मद्रासच्या गिंडी इंजिनियरिंग कॉलेजात विद्युत अभियांत्रिकीचेच प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्यांना आणि सरकारच्या शिक्षण संचालकांना गाठून परवानगी मिळवली. साऱ्या कॉलेजात ही एकटी मुलगी. तेव्हा मुलींना कॉलेज खुले झाले आहे असे वडिलांनी जाहीर करवले, आणि पुढच्या वर्षी आणखी दोघी आल्या, लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेशिया. यांतल्या थ्रेशिया पुढे १९७१ साली केरळ राज्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

ललिताबाईंचा अभ्यासक्रम १९४३ साली पूर्ण झाला. पदवीच्या कागदावर उमेदवारासाठी 'तो' हाच शब्द छापलेला होता. इंजिनियर म्हणजे पुरुष, हे छापखान्यालाही ठाऊक होते! तो शब्द खोडून 'ती' करावे लागले. त्यापूर्वी जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपात वर्षभर उमेदवारी करून त्यांनी हात काळे केले होते. पुढे कलकत्त्याच्या एका मोठ्या विद्युत कंपनीत वीजवाहिन्या आणि सबस्टेशनचे आराखडे त्या करीत. भाक्रा-नांगल धरणाच्या विजेच्या कामातही त्यांचा हात लागला. मुलीला घरच्या माणसांनी सांभाळले, म्हणून त्या बाहेर पडू शकल्या. १९६४ साली न्यूयॉर्कला स्त्री अभियंत्यांची आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिलाही त्या गेल्या. १९७९ साली त्या वारल्या.

तिसरी गोष्ट ॲना मणी यांची. जन्म १९१८, केरळातल्या पीरमेडचा. वडील सिव्हिल इंजिनियर, वेलदोड्याचे मळे. घरात रीत अशी की मुलांनी शिकून मोठे व्हायचे आणि मुलींनी लग्न करून जायचे. आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याची कर्णफुले द्यायची पद्धत. या मुलीने कर्णफुले नाकारली आणि ज्ञानकोशाचे खंड मागून घेतले. १९४० साली त्या बंगलोरला त्याच संस्थेत, त्याच रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. कमलाबाईंनी सात वर्षांपूर्वी दार ढकलले होते, त्यातूनच ही मुलगी आत गेली. पण आतही मुलामुलींनी एकमेकांत मिसळायचे नाही असा कडक नियम होता. विज्ञानावर चर्चा चालायची ती पुरुषांच्या घोळक्यात. ॲना मणी हिऱ्यांवर आणि माणकांवर प्रकाश टाकून त्यांचे गुणधर्म तपासत. एकेक फोटो-प्लेट पंधरा-वीस तास प्रकाशात ठेवावी लागे, म्हणून रात्री प्रयोगशाळेतच झोपत. पाच शोधनिबंध एकटीच्या नावावर प्रसिद्ध केले. १९४५ साली प्रबंध सादर केला, तर मद्रास विद्यापीठ म्हणाले, तुमच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नाही, पीएच.डी. मिळणार नाही. काम पाहिले नाही, कागद पाहिला.

या बाईने कागदाचा शोक केला नाही. सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणे कशी बनतात ते शिकून आल्या आणि १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात लागल्या. पाऊस, वारा, उष्णता, हवेचा दाब मोजायची साधी साधी उपकरणेही तेव्हा परदेशातून यायची. ॲना मणींनी पुण्यात वर्कशॉप उभे केले, सुमारे शंभर उपकरणांची ड्रॉइंग प्रमाणित केली आणि ती येथेच तयार होऊ लागली. १९५३ पर्यंत त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते. आम्ही जन्मभर जॉबर आणि मुकादमांच्या हाताखाली काढला आहे. एकशेएकवीस पुरुष कारागिरांकडून अचूक माप काढून घेणे काय असते, ते आम्हाला सांगायला नको. माप चुकले तर उपकरण चुकणार, आणि उपकरण चुकले तर शेतकऱ्याला पाऊस चुकीचा सांगितला जाणार. देशात सूर्यप्रकाश आणि वारा कोठे किती आहे, याची मोजणीही त्यांनी केली. आज सौरऊर्जेचा आणि पवनचक्क्यांचा एवढा गवगवा चालतो, त्याच्या पायात त्या मोजणीचे दगड आहेत. २००१ साली त्या वारल्या. पीएच.डी. शेवटपर्यंत नव्हती.

चौथी गोष्ट अलीकडची आणि पुष्कळांच्या ऐकण्यातली. १९७४ च्या सुमारास पुण्याच्या टेल्को कारखान्यासाठी इंजिनियर हवेत अशी जाहिरात लागली, तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे स्पष्ट छापले होते. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने जे. आर. डी. टाटांना साधे पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. याच पुढच्या सुधा मूर्ती.

बंधु-भगिनींनो, या चार गोष्टी एका ओळीत मांडून पाहा. पहिलीला प्रवेशाच्या दारात अडवले. दुसरीचा 'ती' हा शब्दच कागदावर नव्हता. तिसरीला काम करूनही पदवी दिली नाही. चौथीला पदवी असून नोकरीच्या दारात अडवले. एकाही ठिकाणी 'तुला बुद्धी नाही' असे कोणी सिद्ध केले नाही. बुद्धीची परीक्षा झाली तेथे त्या पासच झाल्या. अडवले ते अटींनी.

पण आम्हाला यात आणखी एक गोष्ट दिसते, ती सांगणे कर्तव्य आहे. कमलाबाईंचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले होते. ललिताबाईंचे वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते. ॲना मणींच्या घरी ज्ञानकोशाचे खंड विकत घेण्याची ऐपत होती. तेलिचेरीच्या जानकी अम्माळ यांचे उदाहरण घ्या. त्या काळी मागास समजल्या जाणाऱ्या तिय्या जातीतल्या या बाईने १९३१ साली अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि कोइमतूरला उसाच्या जातींवर मोठे काम केले. पण त्यांच्याही घरी वडील न्यायखात्यात आणि घरात पुस्तके होती. म्हणजे प्रत्येकीच्या घरात दार कोठे आहे आणि कडी कशी काढायची, हे ठाऊक असलेले एक तरी माणूस होते. तरीही एवढा त्रास झाला.

आपल्या समाजातल्या मुलीच्या घरी असे कोण होते? आपल्याला तर शाळेचेच दार बंद होते. फुले दांपत्याने ते उघडले, आणि त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहून 'ज्ञानोदय'मधून छापून आणला. अशी बुद्धी पुढे प्रयोगशाळेपर्यंत पोचली असती तर? ती पोचली नाही, कारण मध्ये पायऱ्याच नव्हत्या. त्या पायऱ्या बाबासाहेबांनी बांधायला घेतल्या. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभे केले. आणि त्याआधी १९४२ च्या जुलैत नागपूरला हजारो स्त्रियांसमोर त्यांनी सांगितले होते की समाजाची प्रगती आपण त्याच्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. मोजमाप बाबासाहेबांनी ठरवून दिले आहे. आपण ते लावून पाहतो का, एवढाच प्रश्न.

विहारात आपण महाप्रजापती गौतमीची कथा ऐकतो. पाय सुजलेले, अंगावर धूळ, अशी ती वैशालीला दारात उभी होती. आनंदाने तथागतांना जो प्रश्न विचारला तो असा की स्त्रीला अर्हत्पद गाठता येते की नाही? तथागत म्हणाले, येते. पुढे भिक्षुणींना जे आठ नियम लागले त्यांवर विद्वानांचे वाद आहेत. पण पात्रतेचा प्रश्न तेथेच संपला. दारात विचारण्याजोगा प्रश्न तोच एक आहे. आपण मात्र पोरीला येते का, हे विचारीत नाही. किती वाजता परत येशील, एवढे विचारतो.

आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. २०१८ पासून आयआयटीसारख्या संस्थांत मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या गेल्या. शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत. पण दार उघडे असून भागत नाही, दाराची माहिती लागते. आमच्या वस्तीत एका हुशार मुलीचा इंजिनियरिंगचा प्रवेश हुकला, कारण जात पडताळणीचे प्रमाणपत्र वेळेवर मिळाले नाही. अकरावीतच अर्ज करायचा असतो, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. येथे रामन नव्हते. येथे माहिती नसणे हीच अट होती.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ललिताबाईंच्या वडिलांनी जे एका मुलीसाठी केले, ते आपल्या मुलींसाठी विहाराने करावे. मे-जूनमध्ये विहारात एक टेबल मांडावे. वस्तीतल्या ज्या मुली सायन्सला, डिप्लोमाला, नर्सिंगला, इंजिनियरिंगला गेल्या आहेत त्यांनी रविवारी दोन तास बसून धाकट्या मुलींचे फॉर्म भरून द्यावेत. पडताळणीच्या कागदांची यादी भिंतीवर लावावी. जी आत गेली तिने दार मागे लावू नये. त्याला देणगी लागत नाही, वेळ लागतो.

आता कबुलीजबाब. आमच्या थोरल्या मुलीला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. कॉलेज लांब, रात्री यायला नऊ वाजणार, म्हणून आम्हीच नको म्हटले. तिने कॉमर्स केले, आज एका ऑफिसात हिशेब लिहिते, आणि चाळीत कोणाचा पंखा किंवा मिक्सर बिघडला की स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हीच जाते. धाकटीने तोच डिप्लोमा घेतला. तिच्या वेळेला आम्ही शहाणे झालो होतो. ती उशिरा यायची तेव्हा आम्ही स्टेशनवर जाऊन उभे राहायचो. एके रात्री दोघे घरी आलो तर थोरली जेवण वाढता वाढता सहज म्हणाली, "बाबा, माझ्या वेळेला तुम्हाला स्टेशनचा रस्ता माहीत नव्हता का?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. अजूनही देता येत नाही.

तरी वाचकांना हात जोडून सांगणे आहे. यंदा तुमच्या घरी पेढे आले आणि संध्याकाळी बैठक बसली, तर मुलीला लवकर ये म्हणून अट घालू नका. चप्पल पायात घाला आणि तिला आणायला स्टेशनवर जा.

जयभीम!